मागच्या खोलीची कडी

मांडवीला बंदराच्या मागून जी गल्ली समुद्राकडे उतरते, तिच्या टोकाला बाईंचं घर होतं, आणि त्या घरात एकही आरसा नव्हता. न्हाणीघरातसुद्धा नव्हता. जुन्या कपाटाच्या दाराला मूळचाच एक बसवलेला होता, त्यावर बाईंनी खाकी कागद डकवून टाकला होता. दिवस कलायला लागला की बाहेर चांगला उजेड असतानाच त्या खिडक्या लावायच्या, पडदे ओढायच्या आणि घरातले सगळे दिवे लावायच्या. मी पहिल्यांदा पत्ता विचारत गेले तेव्हा कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, "त्या मेलेल्यांशी बोलतात त्या बाई ना? शेवटचं घर." आणि लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मी ओटीवर पाऊल ठेवलं तेव्हा आत बोलण्याचा आवाज नव्हता. चार-पाच म्हातारी माणसं बसलेली. दोघीजणी एका चादरीची दोन-दोन टोकं धरून घडी घालत होत्या. तिसरी, अगदी पाखरासारखी बारकी म्हातारी, गुंडाळलेला टॉवेल छातीशी धरून पुढे-मागे डुलत होती. मी "बाई आहेत का?" असं विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या खांद्यापाशी कोणीतरी कुजबुजलं,

"हळू. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

मी दचकून मागे पाहिलं. उंच, सडपातळ, पांढरे केस अगदी बारीक कापलेले, निळी सुती साडी घोट्याच्या वर नेसलेली, पायांत काही नाही. बाईंच्या पावलांचा आवाज कधीच येत नसे. त्या टॉवेलाकडे इतक्या काळजीने बघत होत्या, की मीसुद्धा नकळत टॉवेलात तोंड दिसतंय का ते पाहिलं.

बाई मूळच्या ह्याच जिल्ह्यातल्या. बालपण अलोऱ्याच्या कॉलनीत गेलं, वडील तिथे नोकरीला होते. पुढे मुंबईला शिकल्या आणि एका मोठ्या इस्पितळात, रोग्यांच्या हाताला काम देऊन त्यांना सावरणाऱ्या व्यवसायोपचार विभागात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर मांडवीला हे घर घेतलं आणि दिवसभरासाठी अशी माणसं ठेवून घ्यायला लागल्या, ज्यांची आठवण जात चालली आहे आणि जोडीला मनही विझत चाललं आहे. त्यांच्या घरचं कोणी आहे की नाही हे मला कधी कळलं नाही. विचारलं तर "मग?" म्हणायच्या.

हा "मग?" त्यांचा सगळ्यावरचा शब्द होता. कोणी म्हातारी म्हणाली, "मला घरी जायचंय, आई वाट बघत असेल," तर बाई कधी सांगायच्या नाहीत की तुमची आई जाऊन जमाना झाला. म्हणायच्या, "मग? आई काय करत असेल आत्ता?" म्हातारी सांगायला लागायची. चुलीचं सांगायची, आंबोळ्यांचं सांगायची, आणि सांगता सांगता तिचा थरकाप थांबायचा. म्हाताऱ्यांना सोडायला येणाऱ्या आम्हा घरच्यांना त्यांनी एकच गोष्ट बजावली होती. "आठवतंय का, ओळखलंत का, असलं माझ्या घरात विचारायचं नाही. रोज परीक्षेला बसवून रोज नापास करता तुम्ही त्यांना. रडतील नाहीतर काय करतील?"

आरशाचंही त्यांनी असंच साधेपणाने सांगितलं. "ह्यांच्या मनात ह्यांचं वय तिशीचं असतं. आरशात कोणीतरी म्हातारं माणूस उभं दिसतं. परकं माणूस आपल्या खोलीत शिरून आपल्याकडे टक लावून बघतंय. काळोख पडला की तेच माणूस खिडकीच्या काचेत येतं. तुम्हाला नाही भीती वाटणार?"

वाटली असती. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून संध्याकाळी आमच्याही घरातल्या खिडकीकडे बघायला मला नको वाटायला लागलं.

त्यांच्याकडे एक काकू यायच्या, त्यांचे यजमान केव्हाच वारलेले. काकू चहा आला की शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायच्या आणि कप तोंडाला लावायच्या नाहीत. बाई त्या खुर्चीसमोर दुसरा कप ठेवायच्या. खाली वाकून खुर्चीला विचारायच्या, "साखर बरोबर आहे ना?" आणि मग थांबायच्या. माणसाला उत्तर द्यायला जितका वेळ लागेल तितकाच. कधी मान डोलवायच्या, कधी बारीक हसायच्या, जणू काही ऐकू आलं. काकू निवांत चहा प्यायच्या. मी मात्र त्या खुर्चीच्या जवळून जायचं टाळायची.

असं असलं तरी घराला अवकळा नव्हती. सकाळी कोवळ्या उन्हात सगळ्यांना भाट्याच्या वाळूत चालवून आणायच्या. तळपायांना खोबरेल लावून द्यायच्या, स्वतःच्या हाताने. प्रत्येकाला काम होतं. कोणी कोकमं निवडायचं, कोणी काथ्या वळायचं. चादरींच्या घड्या झाल्या की बाई त्या आत नेऊन उलगडायच्या आणि परत आणून द्यायच्या. आणि फळीवर बरण्यांची रांग होती. एकीत कापूर, एकीत सुकट, एकीत ओलं गोणपाट, एकीत रॉकेल. नवीन माणूस आलं की बाई जमिनीवर त्याच्या डोळ्यांच्या खाली येतील अशा बसायच्या, त्याचे हात हातात घेऊन हुंगायच्या, आणि मग एकेक बरणी उघडायच्या. कुठल्या वासाला डोळे हलतात ते बघायच्या.

माझ्या मामंजींचे डोळे ग्रीसच्या वासाला हलले.

आमचं घर भाट्याच्या पुलापलीकडे, आंब्याची कलमं आहेत. मामंजी तरुणपणी मालवाहू बोटींवर इंजिनरूममध्ये होते. पुढे बोट सोडून त्यांनी ही बाग उभी केली. सासूबाई गेल्यावर ते हळूहळू विसरायला लागले. आधी माणसांची नावं, मग जेवलो की नाही ते, मग स्वतःचं घर. तोवर निभत होतं. पण एक दिवस ते भिंतीकडे तोंड करून निजले आणि तसेच राहिले. जेवण नको, अंघोळ नको. डोळ्यांतून पाणी यायचं, तेही पुसायचे नाहीत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी गुंगी यायची. दोनदा न्हाणीघरात पडले. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "ह्या वयात ह्या गोळ्या त्यांना झेपत नाहीत. मी हळूहळू कमी करतो, लक्ष ठेवतो. तोवर मांडवीला एक बाई आहेत त्यांच्याकडे न्या. जरा विक्षिप्त आहेत. घाबरू नका."

बाईंकडेही ते भिंतीकडेच तोंड करून निजायचे. बाईंनी त्यांना उठवायचा प्रयत्न केला नाही. त्या खाटेपाशी खाली बसायच्या आणि त्यांच्या उजव्या हाताकडे बघत राहायच्या. त्या हाताची बोटं सारखी खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटायची. आम्हाला वाटायचं कंप आहे.

एका संध्याकाळी मी न्यायला गेले तेव्हा बाईंनी मला बाजूला घेतलं.

"कंप नाहीये तो. ते वाजवतायत. दोन, मग एक. मग हात थांबतो. थांबतो तेव्हा श्वासही धरून ठेवतात."

"का?"

"उत्तर येतंय का ते ऐकायला."

इतके महिने आम्ही त्यांना भिंतीकडून वळवायला धडपडत होतो, आणि ते तिकडे कान लावून पडले होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यांची खाट हलवली. गच्चीवरच्या टाकीचा जुना लोखंडी पाइप त्या खोलीच्या भिंतीवरून मागच्या खोलीत आणि तिथून स्वयंपाकघरात जात होता. खाट त्या पाइपाला लागून ठेवली आणि मामंजींच्या हातात पितळी चमचा दिला. मला म्हणाल्या, "तू इथेच बस. काही बोलू नकोस." आणि आत निघून गेल्या.

मामंजींनी पाइपावर चमचा आपटला. दोन, मग एक.

थोड्या वेळाने पाइपातून आवाज आला. दोन, मग एक.

मामंजी उठून बसले. ज्यांना बसवायला दोन माणसं लागायची ते स्वतःहून उठून बसले, पाइपाला कान लावला, आणि त्यांच्या तोंडावर जे आलं त्याला आनंद म्हणवत नाही. इतकं रखरखीत काहीतरी होतं ते. पुन्हा वाजवलं. पुन्हा उत्तर आलं. त्या दुपारी त्यांनी वाटीभर मऊ भात खाल्ला, कान पाइपाला तसाच लावून.

आठवडाभर हे चाललं. ते जेवायला लागले, पाइपाला धरून उभे राहायला लागले. मी घरी आमच्या ह्यांना उत्साहाने सांगितलं, आणि हे ताटावरून उठले.

"त्या बाईला बंद करायला सांग ते. आत्ताच्या आत्ता."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून कधी ऐकलं नव्हतं. सासूबाईंनी फक्त मुलाला सांगितलं होतं. मामंजींबरोबर आमच्याच वाडीतला गोविंद बोटीवर लागला होता. दोघं एकाच पाळीला असत. एकदा वादळी हवेत तळाच्या एका कप्प्यात पाणी शिरलं. वरून हुकूम आला, दार बंद करा. मामंजींनीच चाक फिरवून लोखंडी दार बंद केलं. गोविंद आत राहिलाय हे कळलं ते पाइपावर टकटक ऐकू आली तेव्हा. दार उघडलं असतं तर बोट आणि सगळी माणसं गेली असती. मामंजी पाइपापाशी बसून वाजवत राहिले, पलीकडून तो वाजवत राहिला. बराच वेळ. मग एकदा मामंजींनी वाजवलं आणि पलीकडून काही आलं नाही.

गावी आल्यावर गोविंदच्या आईला त्यांनी सांगितलं, त्याला काही कळलं नाही, झोपेतच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हे मला घेऊन मांडवीला गेले. ओटीवरच्या माणसांसमोरच, त्या बंद दाराचं सांगता सांगता त्यांचा आवाज चढला.

"बाबांना तुम्ही परत त्या बोटीत नेऊन बसवलंत! तो माणूस पलीकडे जिवंत आहे असं वाटतंय त्यांना. ह्याला उपचार म्हणता?"

बाईंनी आधी टॉवेलवाल्या म्हातारीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मी नाही नेलं. ते तिथेच होते. फक्त एकटे होते."

"मग आता काय? मरेपर्यंत वाजवत बसायचं?"

"नाही. आता दार उघडायला हवं." त्या ह्यांच्याकडे नीट बघत म्हणाल्या, "तुम्ही त्या मागच्या खोलीत उभे राहाल?"

ह्यांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसे ते एक पाऊल मागे सरले. "मेलेल्या माणसाचं सोंग मी नाही घेणार. माझ्या बापासमोर तर नाहीच."

"नका घेऊ," बाई म्हणाल्या. त्यांना राग आला नव्हता. "बरोबर आहे तुमचं. कोणीच नको उभं राहायला. दार मात्र त्यांनाच उघडू दे. दुपारी थांबा दोघं."

दुपारी माणसं जेवून आडवी झाली होती. भरतीची वेळ असावी, गल्लीच्या टोकाशी लाटा आपटताना घराच्या जोत्यात बारीक धडधड जाणवत होती. बाईंनी ग्रीसची बरणी उघडून खाटेखाली ठेवली. मामंजींनी चमचा उचलला आणि वाजवलं. उत्तर आलं. बाई वाकून त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "पाणी ओसरलं. उघडायला सांगितलंय वरून."

मामंजी त्यांच्याकडे बघत राहिले. मी कित्येक महिन्यांत त्यांना कोणाच्या तोंडाकडे असं बघताना पाहिलं नव्हतं.

"कोणी सांगितलं?"

"वरून."

ते उठले. हे आधाराला पुढे झाले, तर बाईंनी हाताने अडवलं. मामंजी एका हाताने पाइप धरून, भिंतीच्या कडेकडेने चालायला लागले. मध्येच थांबून वाजवायचे. पलीकडून उत्तर यायचं. ओटीकडून कोणीतरी झोपेत कण्हलं, तेवढाच काय तो दुसरा आवाज. मागच्या खोलीच्या जुन्या दाराला मोठी लोखंडी कडी होती, गंजून बसलेली. मामंजींनी दोन्ही हात तिच्यावर ठेवले आणि ती सरकवायच्या ऐवजी फिरवायला लागले. चाक फिरवावं तशी. हात घसरत होते. हे माझ्या शेजारी उभे होते. कडी करकरली आणि दार आत गेलं.

खोली रिकामी होती. एक खिडकी, तीही बंद. फरशी ओली होती.

मामंजी उंबऱ्यात उभे राहिले. मग अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "ये. जपून, पायरी आहे." आणि अंग चोरून एका बाजूला झाले, मागून कोणाला तरी वाट द्यावी तसे. त्यांची नजर दारातून बाहेर आली, हळूहळू आमच्या दिशेने सरकली.

मीही बाजूला झाले. का झाले ते सांगता येत नाही. ह्यांच्याकडे पाहिलं तर हे भिंतीला टेकून उभे होते, पोट आत घेऊन, बोळात समोरून कोणी आलं तर आपण उभे राहतो तसे. आमच्या दोघांच्या मधून गारवा गेल्यासारखं मला वाटलं. दार उघडल्यावर बंद खोलीतली हवा बाहेर येते, तीही गारच असते.

"टॉवेल आण गो," मामंजी मला म्हणाले. "दोन आण."

बाईंनी दोन टॉवेल आधीच काढून ठेवले होते. चहाही दोन कप आला. मामंजी ओटीवर बसून चहा प्यायले, वर खारी मागून घेतली, आणि मग बसल्या जागी झोपले. भिंतीकडे तोंड करून नाही. रस्त्याकडे. दुसरा कप तसाच होता. तो मी नंतर उचलला नाही, बाईंनीच आत नेला.

एक गोष्ट माझ्या डोक्यात राहून गेली होती. मामंजी चालत असताना पलीकडून उत्तर येत होतं, आणि बाई तर आमच्याजवळ उभ्या होत्या. काही दिवसांनी चादरींच्या घड्या घालताना मी धीर करून विचारलं.

"बाई, त्या दिवशी आतून कोण वाजवत होतं?"

"टाकी भरताना पाइपात हवा अडकते," त्या म्हणाल्या. "मग तो ठोकतो."

"मग आधीचा आठवडाभर?"

"पहिले एक-दोन दिवस मी वाजवलं, आमटी वाढायच्या ओगराळ्याने. नंतर मी वाजवलंच नाही. गरज नाही पडली."

मी चादरीचं टोक धरून तशीच उभी राहिले. "पण बाई, नळाला पाणी सकाळी येतं. टाकी सकाळी भरते."

"हो," बाई म्हणाल्या. "सकाळी भरते. ते टोक नीट धर, घडी तिरकी होतेय."

त्यानंतर मामंजींनी वाजवलं नाही. विसरणं थांबलं नाही, ते थांबेल असं बाईंनी कधी सांगितलंही नव्हतं. "ते माझ्या हातात नाही. विसरताना घाबरायचं की नाही, एवढंच मी बघते," असं त्या म्हणायच्या. मामंजी मला सासूबाईंच्या नावाने हाक मारायचे, बागेला बंदर म्हणायचे. पण जेवायचे, वाळूत चालायचे, काथ्या वळायचे आणि काकूंच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीला येता-जाता नमस्कार करायचे. दोन वर्षांनी, दुपारी वामकुक्षी घ्यायला म्हणून आडवे झाले ते उठले नाहीत. तोंड दाराकडे होतं. त्यानंतर वर्षभरात बाईंनीही मांडवीचं घर बंद केलं आणि अलोऱ्याला गेल्या, कोणाकडे ते सांगितलं नाही. त्या घरात आता नवीन भाडेकरू आहेत. त्यांनी दारातच मोठा आरसा लावला आहे.

मामंजी असतानाची, कलमांना मोहोर आलेल्या दिवसांतली एक संध्याकाळ आहे. हे बागेतून येऊन पायरीवर बसले होते. मामंजी झोपाळ्यावर. ते बराच वेळ ह्यांच्या पाठीकडे बघत होते. मग म्हणाले,

"आईला भेटलास का रे, गोविंदा?"

मी आतून पाण्याचा तांब्या घेऊन येत होते, ती तिथेच थबकले. ह्यांची पाठ ताठ झाली. मला वाटलं, आता उठून जातील. ते उठले नाहीत. मागे वळलेही नाहीत.

"भेटलो," ते म्हणाले.

"काय म्हणाली?"

"ओरडली. एवढा उशीर का केलास म्हणून."

मामंजी हसले, पोटापासून. "ओरडणारच ती. मग?"

"मग जेवायला घातलं."

"हां," मामंजी म्हणाले, आणि त्यांनी झोपाळ्याला पायाने झोका दिला.

दुसऱ्या दिवशी मामंजींना मांडवीला सोडायला माझ्याबरोबर हे स्वतः आले. बाई ओटीवर कुणाच्या तरी पायांना तेल लावत होत्या. ह्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, तक्रार करावी तशा आवाजात. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग मान वर करून विचारलं,

"काय घातलं जेवायला?"

"बांगड्याचं तिखलं," हे म्हणाले. एका क्षणाचाही विचार न करता. "आणि तांदळाची भाकरी." एवढं म्हणून ते मटकन खाली बसले, म्हाताऱ्या माणसांच्या ओळीतच, आणि तोंडावर हात धरून रडायला लागले.

बाईंनी तेलाचा हात साडीला पुसला आणि त्यांच्या मनगटावर ठेवला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "फार भुकेला असणार तो."